दारासमोरचा टीव्ही

बोरगावच्या घरातल्या जुन्या टीव्हीवर गेल्या वर्षी वरपासून खालपर्यंत एक जाड हिरवी रेघ आली. मालिकेतली सगळी माणसं त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे वाटली गेली. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. आईची काही तक्रार नव्हती. "चालतंय की, अर्धा अर्धा तरी मानूस दिसतोय," म्हणाली.

वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. मी बेळगावात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, धाकटा भाऊही बेळगावातच कारखान्यात आहे. आमच्याकडे ये म्हटलं की ती येते, एक-दोन दिवस गोड बोलते आणि मग पिशवी भरायला घेते. तिला ऐकायला फार कमी येतं. उभी हयात तिने यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या त्या खडखडाटात कान राहतात कुणाचे? कानात घालायचं यंत्र आम्ही आणून दिलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने कपाटात ठेवून दिलं. त्यामुळे फोनवर बोलणं नाही, भजनाला जाणं नाही. सकाळ कामात जाते, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बायका असतात. प्रश्न दुपारचा. एकट्या माणसाची दुपार फार लांब असते आणि आईची दुपार टीव्हीवर निघायची. तेव्हा टीव्ही चांगला हवा, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत होतं.

एकमत तेवढ्यापुरतंच. पुढे भाऊ मोबाईलवर टीव्हीची परीक्षणं बघायला लागला, आणि तो बघतो म्हणून मीही. मी विषयाची बाई, माझ्यासमोर याने प्रकाशाच्या गप्पा माराव्यात हे मला कसं सोसणार?

एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातलं अंतर वाढवायची युक्ती. खिडकीतलं ऊन डोळे दिपतील इतकं उजळ दिसायला हवं आणि कोपऱ्यातला काळोख खरोखर काळा. इथवर सरळ आहे. पण ते कसं साधायचं यावरून कंपन्यांमध्ये तट पडलेत. एक साधा प्रकार, टेन नावाचा, सगळ्यांकडे असतो. त्याच्यावर 'प्लस' लावलेला दुसरा. आणि तिसरा परवान्याचा, भारीतला. एका कंपनीच्या टीव्हीत प्लस असतो पण तो भारीतला नसतो, दुसरीच्या टीव्हीत नेमकं उलटं. आम्ही सीमाभागातली माणसं. कुणी दोन बाजू दाखवल्या की लगेच एक बाजू धरल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. भावाने तिसरा धरला म्हणून मी प्लस धरला. महिनाभर आम्ही त्यावरून असे भांडलो की माझी भावजय म्हणाली, "आक्का, वाटणीलासुद्धा तुम्ही एवढं भांडला न्हाईसा."

गंमत म्हणजे आई बघते ते केबलवरचे मराठी चॅनेल. त्यांवर यातला एकही प्रकार येत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांपैकी कुणीही ते तोंडातून काढलं नाही.

पडद्यावर मात्र आमचं जमलं. ओएलईडी घ्यायचा. त्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि हवा तेव्हा पूर्ण विझतो, म्हणून काळं ते काळंच दिसतं. मिनी एलईडीत मागे बारीक बारीक दिवे असतात. तो जास्त लखलखीत, पण काळ्यात कुठेतरी उजेड झिरपतो. "झिरपलेलं नको," असं मीच ठामपणे म्हणाले. वर्गात शिकवल्यासारखं म्हणाले.

आईला घेऊन आम्ही बेळगावच्या दुकानात गेलो. मागच्या बाजूला काळा पडदा लावलेली खोली होती, भारीतले टीव्ही तिथे. विक्रेता भावाशी कन्नडमध्ये सुरू झाला, माझ्याकडे वळून हिंदीत आला आणि आईचं नऊवारी बघून मराठीत. त्याने एक पोपट दाखवला. मग मध ओतला, मग काळ्या पाण्यावर फुटणारे फटाके. आई खुर्चीच्या कडेला बसून बघत होती. आवाजाचं तिला काही नव्हतंच, पण पोपटाला ती हसली.

"कसा हाय?" भावाने तिच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"झ्याक हाय. पर हितं अंधार हाय रं," ती म्हणाली. "आपलं दार उघडं असतंय."

विक्रेता म्हणाला, "आज्जी, पडदा लावायचा. मग एकदम थेटर." आम्ही मान डोलावली. माझ्या प्लसवाल्या कंपनीचा त्या मापात शिल्लक नव्हता, म्हणून भावाचा तिसरा आला. येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि त्याने मला चहा पाजला.

बोरगावला टीव्ही बसवला तो सोप्यात, पुढच्या खोलीत, जुन्याच्या जागी, म्हणजे दाराच्या अगदी समोर. बसवायला आलेल्या माणसाने तो चालू केला आणि आम्हाला सोप्यात आमची अख्खी गल्ली दिसली. काळ्या काचेत समोरचं घर, तिथला नळ, वाळत घातलेल्या साड्या, जाणारी मोटारसायकल. मालिका त्यांच्या मागे कुठेतरी चालली होती. भावाने उठून दार लावलं. खोली काळी झाली आणि चित्र एकदम उमटून आलं. नटीच्या नथीतला एकेक मोती दिसत होता.

"आई, दुपारी दार लावूनच बघायचं," त्याने हातवारे करून सांगितलं. आईने मान हलवली. लेकरांनी एवढं आणलंय, तर लेकरं सांगतील तसं.

आता इथे आमच्या गावची रीत सांगायला हवी. बोरगावात दिवसा दार लावत नाहीत. शेतावर गेलात तर कुलूप. घरात असाल तर दार उघडं, मग तुम्ही झोपलेले असा नाहीतर जेवत असा. घरात माणूस असून दार लागलेलं दिसलं तर त्याचे दोनच अर्थ. एक तर आत काही अशुभ घडलंय, नाहीतर आतल्या माणसाला तुम्ही यायला नकोय. मी त्याच घरात वाढले. मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण बेळगावात फ्लॅटचं दार लावून इतकी वर्षं काढल्यावर रीत डोक्यात राहते, हातात राहत नाही.

नव्याचे नऊ दिवस गेले. मी सुट्टीला गेले तेव्हा आई टीव्हीसमोर बसलेली होती, पण बघत नव्हती. समोर कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढत होतं, आणि ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काय झालं त्यांच्यात?" मी तोंडासमोर जाऊन विचारलं.

"काय की. कळंना झालंय अलीकडं."

मी भावाला फोन केला. तो म्हणाला ब्राइटनेस वाढव. मी म्हणाले मोड बदलते. त्याने 'सिनेमा' सांगितला, मी 'स्टँडर्ड' केला, मग त्याने व्हिडिओ कॉलवर पडदा बघितला आणि माझी अक्कल काढली. पुढच्या रविवारी तो स्वतः येऊन अर्धा दिवस रंग जुळवत बसला. आई चहा करून देत होती आणि छान दिसतंय म्हणत होती. तिचं जेवण कमी झालं होतं. देवळाच्या कट्ट्यावरही ती जात नव्हती. मला काळजी वाटायला लागली. वाटलं, आता हिची नजरही गेली की काय. निपाणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे वयाच्या मानाने उत्तम, ते म्हणाले.

दवाखान्यातून परतताना आई बसमध्ये एकदम म्हणाली, "समोरची येत न्हाय आता."

समोरची म्हणजे समोरच्या घरातली काकू. आईच्याच वयाची. दोघी एकाच शेडमध्ये कामाला होत्या, पण काकूने लवकर सोडलं, म्हणून तिचा उजवा कान अजून बरा आहे. दुपारी ती आमच्याकडे येऊन बसते एवढं मला माहीत होतं.

"का येत नाही?"

"काय की. बिनसलंय कायतरी. कट्ट्यावर बी तोंड फिरवून बसती. मी काय केलंय तिचं?" तिला आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो सगळ्या बसला ऐकू गेला.

माझं डोकं फिरलं. बहिऱ्या, एकट्या बाईशी कुणी असं वागतं? बसमधून उतरले, आईला घरात सोडलं आणि तडक काकूचं घर गाठलं. तिचं दार अर्थातच उघडं होतं. ती शेंगा फोडत बसली होती.

"काकू, आईनं तुमचं काय वाकडं केलंय?"

तिने वर बघितलंच नाही. "आम्ही कोन इचारनार? नवा टीव्ही आला आनि दार लागलं. काय समजायचं आम्ही?"

"अहो, ते उजेडासाठी—"

"दोनदा आलते मी. कडी वाजवली. आतनं टीव्हीचा आवाज येत हुता. उघडलं न्हाय."

"तिला कडी ऐकू येते का? तुम्हाला माहीत नाही?"

"म्हाईत हाय गं!" आता ती ओरडली. "लई म्हाईत हाय. म्हनूनच दार उघडं असायचं न्हवं? तुझं लगीन झालं न्हवतं तवापास्नं त्या दारातनं मी सरळ आत जाती. कडी वाजवायची पाळी कुनी आनली माझ्यावर?"

भांडायला गेलेली मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली. काकूने सूप बाजूला केलं, हात झटकले आणि शेंगांची टरफलं पदरावर तशीच घेऊन माझ्या आधी रस्ता ओलांडला.

आई आत अंधारात बसली होती. मी दार उघडलं ते भिंतीला टेकेपर्यंत. टीव्हीवर पुन्हा गल्ली आली, नळ आला, साड्या आल्या. मालिका दिसेनाशी झाली. काकूने टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. तिने पाट ओढला आणि टीव्हीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसली. आई तिच्या समोर सरकली.

मग जे झालं ते मी पहिल्यांदा बघितलं, कारण कामाच्या दिवशी दुपारी मी कधी त्या घरात नव्हतेच. काकूने उजवा कान टीव्हीकडे केला. आतून संवाद आला, की ती तोच संवाद तोंडाने करायची. आवाज अजिबात नाही. फक्त ओठ, मोठे मोठे, सावकाश, भुवया वर आणि हात मधूनमधून. मागांच्या शेडमध्ये बायका अशाच बोलायच्या. तिथे ओरडून उपयोग नसायचा, म्हणून एकीने ओठ हलवायचे आणि दुसरीने वाचायचे. आईची मालिका ही अशी होती. तिने टीव्ही बघितला असेल तो नट्यांच्या साड्या बघण्यापुरता. गोष्ट ती काकूच्या तोंडावर बघत होती. आणि बंद दाराच्या त्या सुंदर काळोखात, काकू आली असती तरी, तिचं तोंड आईला दिसलं नसतं.

आता पडद्यावर कुणीतरी रागावलं असावं, कारण काकूने नाक फेंदारलं आणि सासूचं बोलणं ओठांनी असं काही झोडलं की आई खळखळून हसली. किती दिवसांनी. मी दारात उभी राहून बघत होते. खिशात फोन थरथरला, भावाचा. त्याला एव्हाना मिनी एलईडी पटला होता, बदलून मिळेल का विचारतो म्हणाला. मी नंतर बोलते म्हणाले.

आईने मान मागे वळवली. आधी वाटलं माझ्याकडे बघून काहीतरी मायेचं बोलणार.

"पोरी, बाजूला सर की," ती म्हणाली. "उजेड अडवलायस. हिचं तोंड दिसंना."

मी बाजूला झाले.