तुटका ‘ळ’

ग्रंथालयात त्यांना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. दुर्मिळ पुस्तकांच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवून छापलेली, शंभर-दीडशे प्रतींतच संपलेली पुस्तकं त्या बोटं फिरवून ओळखायच्या. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते, तेव्हा एका सकाळी पन्नाशीची एक स्त्री पिशवीतून पुस्तक काढून समोर बसली.

“हे माझ्या बाबांनी छापलंय. घरात मागच्या खोलीत पायाने चालवायचं यंत्र होतं. तुमच्या काचेच्या कपाटात याचीच प्रत पाहिली. पण ती पहिली आवृत्ती नाही हो.”

बाईंनी कपाटातली प्रत काढून आणली. अठरा वर्षांपूर्वी कागद आणि बांधणी पाहून ती पहिली आवृत्ती असल्याचा दाखला त्यांनीच सही करून दिला होता. मुद्रकाच्या या मुलीच्या प्रतीत शेवटच्या पानावर ठसठशीत छापलेलं: ‘पहिली आवृत्ती, दीडशे प्रती’. ग्रंथालयाच्या प्रतीत नुसतंच ‘दीडशे प्रती’. मग ती मागाहून छापलेली असली तर?

त्या तडक ग्रंथपालांकडे गेल्या. “साहेब, माझी चूक झालेली असू शकते. आजचा दिवस द्या.”

“जाता जाता कशाला उकरून काढताय, बाई?”

“मी गेल्यावर कोण उकरणार?”

दोन्ही पुस्तकं खिडकीपाशी शेजारी शेजारी उघडली. शेवटच्या पानावर तिसऱ्या ओळीत एक अक्षर खाली घसरलेलं. दोन्हींत तेच, तिथेच. म्हणजे जुळणी एकच. पुन्हा खिळे जुळवले असते, तर तेच अक्षर तिथेच कसं घसरलं असतं? खालच्या ओळीत एक ‘ळ’ होता. मुलीच्या प्रतीत त्याची उजवी गाठ तुटलेली, ग्रंथालयाच्या प्रतीत अख्खी. बाईंनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. मग हुश्श करून खुर्चीत टेकल्या.

“तुटलेला खिळा पुन्हा सांधत नाही. आमचं पान आधी छापलं, तुमचं नंतर, पण एकाच छपाईत. दोन्ही पहिलीच! मधेच कुणाच्या तरी लक्षात आलं आणि राहिलेले ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द घातले.”

मुलगी हसायलाच लागली. “कुणाच्या म्हणजे? आईच्या! ओले कागद दोरीवर टाकताना ती वाचायची. काही राहिलेलं दिसलं की यंत्र थांबवायला लावायची. बाबा वैतागायचे, पण थांबायचे.”

बाईंनी दोन कप चहा मागवला, आणि पुस्तकाच्या नोंदीचं नवं कार्ड लिहायला घेतलं: ‘छपाई चालू असताना शब्द वाढवले. वाढवायला लावले मुद्रकाच्या पत्नीने.’

“असं लिहिता येतं?” मुलीने डोळे पुसत विचारलं.

“येतं. पुरावा नाही, तर कुणी सांगितलं ते लिहायचं,” म्हणत बाईंनी कंसात जोडलं, ‘मुलीच्या सांगण्यावरून’, आणि खाली सही केली.