मोठेबाबांचा सुरा आणि माझी खूण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी हसलं की मला वाटतं, याला ही गोष्ट आधीच कोणीतरी सांगितलेली आहे. मग मी गोष्ट सोडून कोणी सांगितली तेच शोधत बसतो. काय करणार, स्वभाव! चहावाला कप पुढे करताना जरा हसला तरी मी आधी कपात डोकावून पाहतो.

हा स्वभाव मला नोकरीने दिला. मी नागभीडला एका कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर बसतो. खोटा शिक्का, खोटी सही, वय कमी करून घेतलेला दाखला, काही म्हणजे काही माझ्या टेबलावरून पुढे सरकत नाही. नवा माणूस आला की साहेब माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, यांच्यापुढे बनावट चालत नाही. हे वाक्य ऐकून ऐकून मला ते खरं वाटायला लागलं होतं. घात तिथेच झाला.

आता दुसरी गोष्ट. मला जुन्या फौजी सुऱ्यांचा नाद आहे. चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याकडून आणलेली संगीन आहे, एका निवृत्त हवालदाराची खुकरी आहे, जंगलात वापरायचा एक रुंद पात्याचा सुरा आहे. सगळे पुसून, तेल लावून बैठकीच्या शोकेसात मांडलेले. आमच्या सौभाग्यवतीला, वंदनाला, यातलं काहीही आवडत नाही. ती म्हणते, "लोकायच्या शोकेसात कपबशा राह्यते. आपल्या इथी पाहुणा बसला का आधी दार कुठी आहे थे पायते."

पण शोकेसाच्या मधोमध एक जागा मी रिकामी ठेवली होती. ती मोठेबाबांच्या सुऱ्याची.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळी जवानी फौजेत गेली. आता नागभीडपासून थोड्या अंतरावर गावात धानाची शेती बघतात. फौज सोडताना त्यांच्या उस्तादांनी त्यांना आपला कमांडो सुरा दिला होता, आणि त्या उस्तादांना तो त्यांच्या उस्तादांनी दिलेला. अरुंद, दुधारी, काळ्या मुठीचा. हातातून हातात आलेली अशी वस्तू बाजारात मिळत नाही. मोठेबाबांना एकच मुलगी, संगीता. ती माझ्याहून लहान, लग्न होऊन सासरी गेलेली. म्हणजे सुऱ्याचा वारस कोण? तुम्हीच सांगा ना!

मी गावी गेलो की जेवणानंतर मोठेबाबा पेटीतून लाल फडक्यात गुंडाळलेला सुरा काढून माझ्या हातात देत. मी भिंग घेऊन तो वरून खाली, खालून वर न्याहाळायचो आणि सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसलेल्या मंडळींना व्याख्यान द्यायचो. असं पोलाद आता होत नाही, ही धार पाहा, हे वजन पाहा. त्या सुऱ्याला एक आंबूस वास यायचा. तो वास मी सगळ्यांना हुंगायला लावायचो आणि सांगायचो की हा जुन्या लढाईचा वास आहे, शंभर वर्षं जात नाही. मोठेबाबा खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे. मला वाटायचं, उस्तादांची आठवण येत असेल.

सगळं ठीक चाललं होतं. मध्ये आले जवाई.

जवाई म्हणजे संगीताचे यजमान, प्रदीप. सूरजागडकडे खाणीच्या गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात फिटर आहेत. माणूस शांत, निर्व्यसनी, सासऱ्याला जपणारा. मला तर पहिल्यापासूनच खटकायचे. उन्हाळ्यात एकदा मी न कळवता गावी गेलो, तर सपरीत जवाई सुरा हातात घेऊन व्हर्नियरने त्याचं माप घेत होते. लांबी, रुंदी, मुठीची जाडी. मोबाइलवर फोटोही काढलेला. मला पाहताच मोठेबाबांनी घाईघाईने सुऱ्यावर खांद्यावरचा दुपट्टा टाकला.

"जय भीम, दादा," जवाई म्हणाले.

"जय भीम. कशाले मोजून राह्यले?"

"असंच, दादा."

असंच! कचेरीत जो माणूस 'असंच' म्हणतो ना, त्याची फाईल मी सगळ्यात आधी उघडतो. दाखल्यावर खाडाखोड का? असंच. वडिलांचं नाव दोन ठिकाणी वेगळं का? असंच. उगीच कोणी व्हर्नियर घेऊन सासुरवाडीला येतं का हो?

परतीच्या वाटेवर माझं डोकं भराभर चालू लागलं. डोंगरातल्या अजस्र गाड्यांचे भाग घडवणारा माणूस. त्याला एक सुरा बनवायचा म्हणजे जेवणाच्या सुट्टीतलं काम. हुबेहूब बनावट करणार, खरा आपल्या घरी नेणार, खोटा पेटीत ठेवणार आणि उद्या तोच माझ्या गळ्यात मारणार. मी वंदनाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, जवाई किती चांगले आहेत. मी म्हटलं, तेच तर! एवढं चांगलं कोणी उगाच राहत नाही.

मग मी उपाय काढला. कचेरीतला माणूस काय करेल? खऱ्या वस्तूवर आपली खूण करून ठेवेल.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रजा टाकून मी गावी हजर झालो. म्हटलं, रोवणीला हात लावतो. मोठेबाबा माझ्याकडे बघतच राहिले, कारण जन्मात मी कधी बांधीतल्या चिखलात पाय घातला नव्हता. चार रोपं लावली, तीही वाकडी, आणि पोट धरून खाली बसलो. मोठ्या आईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, काळजीने सांगितलं की घरी जा, ओवा खा आणि पड. मला तेच हवं होतं. गावात चिटपाखरू नाही, सगळे शेतावर. घरात शिरलो, पेटी उघडली. पेटीला कुलूपसुद्धा नव्हतं. एवढी मोलाची वस्तू आणि कुलूप नाही! चहावाल्यावर संशय घेणारा मी, नेमका इथेच मला संशय आला नाही.

मुलाच्या कंपासातलं कर्कटक खिशात आणलं होतं. त्याच्या टोकाने मुठीखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, माझ्या सहीची शेपटी कोरली. उस्तादांच्या उस्तादांच्या सुऱ्यावर ओरखडा काढतोय याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हटलं, रक्षणासाठीच करतोय. फडकं गुंडाळतच होतो, तर दारात मोठी आई. माझ्या पोटाच्या काळजीने बिचारी रोवणी टाकून आलेली.

"पेटीत काय पाहून राह्यला रे?"

"ओवा," मी म्हटलं.

"ओवा पेटीत राह्यते का? डोक्यातबी गेलं वाट्टे दुखणं."

मग तिने ओव्याचा वाडगाभर काढा केला, समोर बसून पाजला आणि भर उकाड्यात मला गोधडीत गुंडाळून झोपवलं. घामाने निथळत पडलो होतो, पण मनात गार वाटत होतं. आता जवाईंनी खुशाल दहा सुरे बनवावेत.

धान घरात आलं, गावची मंडई, म्हणजे सुगीनंतरची जत्रा, भरली. मंडईला आमच्याकडे लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे गोळा होतात. संध्याकाळी मंडईतल्या नाटकाला जायच्या आधी मोठेबाबांनी सगळ्यांना सपरीत बसवलं आणि म्हणाले, हातापायात जीव आहे तोवर माझ्या हाताने देऊन टाकतो. बाजेवर लाल फडकं अंथरलं. त्यावर दोन सुरे ठेवले.

दोन! अगदी जुळे. सपरीतले लोक पुढे सरकले. मी मात्र जवाईंकडे पाहिलं. ते खाली पाहत होते. आता याला काय म्हणायचं?

"एक तुले, एक जवायाले," मोठेबाबा म्हणाले. "तू मोठा, तू आधी उचल."

असं म्हणून त्यांनी त्यातला एक बोटाने हळूच माझ्याकडे सरकवला. माझ्या लक्षात आलं, म्हातारा माणूस फितवला गेला आहे. मी भिंग काढलं. सरकवलेल्या सुऱ्यावर खूण नव्हती. दुसरा उचलला, मुठीखाली पाहिलं. माझ्या सहीची शेपटी! छाती फुगली.

"नीट पाय बरं," मोठेबाबा म्हणाले. "घाई कराची नाई."

"नीटच पाह्यलं, मोठेबाबा. बारा वर्षं दाखले तपासून राह्यलो." आणि मी थांबलो का? नाही. खरं पोलाद कसं ओळखायचं यावर तिथेच छोटं भाषण ठोकलं. खोटा सुरा, म्हणजे बाजेवर राहिलेला, कसा हलका दिसतो, त्याची मूठ कशी नवशिक्याने केल्यासारखी वाटते, हेही सांगून घेतलं. लोक माना डोलावत होते. मोठ्या आईने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, भरून आलं तिला.

तेवढ्यात जवाई उठले आणि आतून एक सागवानाची पेटी घेऊन आले. गुळगुळीत, पितळी कडीची, झाकणावर माझं नाव कोरलेलं. मी मनात म्हटलं, बघा, तोंड बंद ठेवायची लाच! तरी घेतली. आत सुऱ्याच्या आकाराचा खळगा होता. माझा सुरा त्यात ठेवायला गेलो, तर बसेना. तिरपा केला, दाबला, उलटा केला. टोक बाहेरच.

आणि मग मला ते बोलायचं सुचलं, जे मी बोलायला नको होतं. मी बाजेवरचा दुसरा सुरा उचलून त्या खळग्यात ठेवला. तो टक् करून बसला.

"पाहा," मी सगळ्यांकडे वळून म्हटलं, "पेटी कोणत्या सुऱ्याच्या मापाची आहे? स्वतः बनवलेल्या. आता जवाईच सांगतील हा दुसरा सुरा कुठून आला."

संगीताने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर दुसरीकडे वळवली. मोठेबाबांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

"तुह्या हातातला सुरा," ते शांतपणे म्हणाले, "आपल्या गावच्या लोहारानं जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून बनवला. तवा संगीताचं लग्नबी नोतं झालं. येणारा-जाणारा असलीले हात लावे, घामानं गंज चढे. म्हणून दाखवाले हा केला, अन् असली धान भरून ठेवतो त्या ढोलीत लपवला."

मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. "मंग मले इतके वर्षं...?"

"तू त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोले का मले सांगू वाटे नाई."

"अन् थो वास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मोठ्या आईचा पदर सुटला. "वास्त्याचा वास आहे तो, बाबू. पावसाळ्यात बांबूचे कोंब म्या त्याच सुऱ्यानं चिरतो. बरा पडते."

सपरी हसली. सगळी हसली, मंडईचे पाहुणेसुद्धा, ज्यांना मी तो वास हुंगायला लावला होता. मोठेबाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, असली तुझ्यासाठीच काढला होता, म्हणून तर तुझ्यापुढे सरकवला. पेटी तुझ्यासाठी करायला मीच जवाईंना सांगितली होती, म्हणून ते असलीचं माप घेत होते. पण चार लोकांत तू दुसराच उचललास, आणि चार लोकांत जवाईंना चोर म्हणालास. आता जो उचलला तो तुझा.

मला खरंच वाईट वाटलं. सुरा गेल्याचं वाटलंच, पण त्या म्हाताऱ्या बोटाने तो माझ्याकडे सरकवला होता, त्याचं जास्त वाटलं. मी जवाईंची हात जोडून माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या दादा, होते असं. त्या दिवशीच्या नाटकात काय होतं ते मला विचारू नका, मी नुसता मांडवात बसलो होतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला मान वर करून सांगितली असती.

सकाळी मी एकटाच बस थांब्यावर उभा होतो. जवाई सायकलने मागून आले. हातात तीच सागवानी पेटी. कडी उघडून दाखवली, आत असली सुरा. म्हणाले, "घ्या, दादा. बाबाले म्या समजावून सांगतलं, ते हो म्हणले. हा तुमचाच आहे."

मी सुरा हातात घेतला. काय सांगू, हातात बसला. गार, भारी, कुठलाही वास नाही. शोकेसातली रिकामी जागा डोळ्यांसमोर आली. बस वळणावर दिसायला लागली होती. पेटी पिशवीत टाकायची आणि चढायचं, एवढंच काम होतं.

पण माझं डोकं! एवढी मोलाची वस्तू. ज्याला काल भर सपरीत चोर म्हटलं तो माणूस आज ती सायकलवर घेऊन येतो. रात्रभर पेटी कोणाजवळ होती? जवाईंजवळ. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "इतक्या सहज काऊन देऊन राह्यले?"

जवाई जरासे हसले. म्हणाले, "असंच, दादा."

मी पेटीची कडी लावली, ती जवाईंच्या हातात परत दिली आणि बसमध्ये चढलो.