दारं-खिडक्या लावून घ्या

दिघ्याच्या वस्तीला लागूनच विजेच्या मोठाल्या बॅटऱ्यांचे कंटेनर येऊन बसले. कंपनीचा साहेब समजावून गेला, "बॅटऱ्यांना आग लागून विषारी धूर आला, तर दारं-खिडक्या लावून आत बसायचं."

"साहेब, पत्र्याचं घर हाय आमचं," गंगू म्हणाली. साहेब नुसता हसला.

घरी येऊन तिने भर दुपारी दार-खिडकी लावून पाहिली. दम्याने खाटेला खिळलेला तिचा नवरा रोहिदास म्हणाला, "काय गो, चोर आले काय?"

भिंत आणि पत्र्यामधल्या फटीतून चहूकडून उजेड आत येत होता. गंगू त्यात जुनी लुगडी कोंबू लागली. निम्मी फट बुजली, तोच रोहिदासला धाप लागली. तिने घाईघाईने सगळी लुगडी उपसली, दार सताड उघडलं. समोर ते पांढरे कंटेनर होतेच.