बाबांचा पॅरोल

मी कम्युनिटी कॉलेजात गुन्हेशास्त्र आणि तुरुंग प्रशासनाच्या डिप्लोमाला नाव घातलं, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे फी भरून जेलमध्ये जायचं?" शिकण्यापुरतं त्यांनी चालवून घेतलं. पण तुरुंग शिपायाच्या भरतीचा अर्ज भरते म्हटल्यावर मात्र बोलणंच टाकलं. त्यांच्या मनाविरुद्ध अर्ज भरायला माझा हात उचलेना, आणि मुदत तर संपत आलेली.

अबोला असला तरी शनिवारी खडकीहून स्कूटरवर सोडायला तेच यायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, वेळच वेळ. वर्गाच्या उघड्या दाराबाहेरच्या बाकावर पेपर उघडून बसायचे. मुलगी कसल्या लोकांत बसते ते बघायला, दुसरं काय.

त्या शनिवारी पॅरोल मंडळाचं प्रात्यक्षिक होतं. कैद्याला थोडे दिवस घरी सोडायचं की नाही, हे आम्ही तिघींनी ठरवायचं. मंडळ हजर, कैदीच गायब. कैदी होणाऱ्या पठ्ठ्याची बस स्वारगेटला बंद पडली होती. सर वैतागून बाहेर डोकावले आणि म्हणाले, "काका, जरा वेळ कैदी व्हाल का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी पेपराची घडी घातली.

"गुन्हा काय?"

"चोरी."

"चोरी नको. मारामारी चालेल."

अख्खा वर्ग हसला. बाबा आमच्यासमोर हात बांधून उभे राहिले. घरी तोंड न उघडणाऱ्या माणसाला असं समोर उभं करून प्रश्न विचारायला काय मजा येते म्हणून सांगू!

"तुरुंगात आपली वागणूक कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली. बोलणं कमी केलंय."

"ते दिसतंच आहे. पश्चात्ताप होतो का?"

"हळूहळू होतोय."

"रजा कशासाठी हवी?"

"मुलीशी बोलायचं राहिलंय."

मी समोरचे कागद उगाच चाळायला लागले. मग शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, "आपण पळून जाणार नाही, याची हमी कोण देणार? जामीन कोण राहील?"

"मुलगीच राहील," बाबा म्हणाले. "तिला आता तुरुंगात नोकरी लागणार आहे."

काका काय मस्त काम करतात म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून रडत होते. तशीच मंजुरीची सही ठोकली.

परत येताना स्कूटरवर मागून विचारलं, "बाबा, ते मनापासून बोललात, की आपलं नाटकापुरतं?"

"मंडळासमोर खोटं बोलायचं नसतं. शिकवलं नाही का तुमच्या सरांनी?"

मी मागूनच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. खूप आनंद झाला होता. सिग्नल सुटल्यावर तेच म्हणाले, "घरी गेल्या गेल्या अर्ज भर. सोमवारी मुदत संपतेय. त्या बाकावर बसून काय मी नुसतं शब्दकोडं सोडवत होतो?"