शाल मागितली की एसी पास

गाडीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून धोंडीरामांनी पुढच्या जाळीत लिंबू-मिरची अडकवायला एक लांबलचक स्क्रू पिळला आणि गाडीनं 'फुस्स' करून सगळा एसी रस्त्यावर सोडून दिला. जाळीमागं कंडेन्सर असतो आणि त्यात गॅस असतो, ही माहिती त्यांना त्या फुस्कारातूनच मिळाली. जुळे सोलापुरातल्या शेजाऱ्यांची दृष्ट लागायला निदान एखादं वर्ष गेलं असतं. धोंडीरामांनी ते काम एका स्क्रूत उरकलं.

दिवस मे महिन्याचे. त्यातून दुपारी टेंभुर्णीहून लेकीला, अंकिताला बघायला पाहुणे यायचे होते आणि मुलीच्या बापानं फोनवर छाती फुगवून सांगितलं होतं, "उन्हाची काळजी नको. स्टँडवर एसी गाडी घेऊन येतो की!" आता पाहुणे घामानं थबथबत घरी आले, तर बापाचा पहिलाच शब्द खोटा ठरणार. मग मुलीबद्दल सांगितलेलं खरं कोण मानणार? सकाळीच त्यांनी विजापूर रोडवरचं चन्नवीरचं पत्र्याचं दुकान गाठलं.

चन्नवीर पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. सावलीतलं काम म्हणून एसीच्या धंद्यात आला. सावली गाडीच्या आत असते आणि मेकॅनिक बाहेर, हे नंतर कळलं. अर्धं सोलापूर गार करून स्वतः पत्र्याखाली पापडासारखा भाजत बसतो. चुकून एसीत बसलाच, तर शिंका येतात.

त्यानं वाकून स्क्रू पाहिला आणि तोंडभर हसला.

"लिंबू कुटं हाय सायेब?"

"का?"

"माज्या दुकानाला बांधतो की. गिऱ्हाईक लई आणतंय!"

कंडेन्सर बदलला, मशीन लावून पाइपातली हवा ओढून काढली, नवा गॅस भरला. धोंडीराम आत हात घालून "गार आहे, गार आहे" म्हणत किल्ली मागू लागले. पण त्या दुकानात गाडी पास करायचा अधिकार चन्नवीरच्या आईला, म्हणजे अव्वाला. अव्वा रोज जेवणाचा डबा घेऊन येते आणि दुरुस्त झालेल्या गाडीत मागच्या सीटवर बसते. तिनं शाल मागितली तर गाडी मालकाची, नाही तर पुन्हा बॉनेट वर.

"मीटरचा काटा गिऱ्हाइकाचं तोंड बघून हलतोय," चन्नवीर सांगतो, "अव्वा न्हाय हलत."

त्या दिवशी अव्वा बसली, शाल मागून घेतली आणि गाढ झोपली.

"अहो, उठवा ना त्यांना!"

"उकाड्यानं रातभर डोळा लागला न्हाय तिचा. उठली की न्या."

"पाहुणे उतरले असतील हो!"

"मग तिला घिऊन जावा की. काय खाती का तुमाला?"

गेले बिचारे. स्टँडवर मुलाच्या आईनं मागचं दार उघडलं, तर शाल पांघरून एक म्हातारी घोरत होती. बाई पदर सावरून हळूच टेकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, आईला कसं गारव्यात फिरवत्यात! आमच्याकडं आहे का असं?"

धोंडीरामांनी नम्रपणे "तेवढं तर..." म्हणायला तोंड उघडलं आणि अव्वा जागी झाली.

"मी मेकॅनिकची आई. गाडी पास हाय. शाल पायजे का तुमाला?"

धोंडीरामांच्या कपाळावर एसीतही घाम आला. पण मागं हसू फुटलं. बाईंनी खरंच शालीचं एक टोक घेतलं आणि पुढच्या चौकापर्यंत दोघींचं असं जमलं, की गाडी आधी दुकानाकडं वळवायचा हुकूम बाईंनीच सोडला. अव्वा उतरताना त्या म्हणाल्या, "साखरपुड्याला यायचं बरं का, मावशी!"

लेकीचं लग्न जमत आल्याचं धोंडीरामांना हे असं कळलं. मुलगी अजून कुणी पाहिलीसुद्धा नव्हती.

आनंदाच्या भरात माणसाला सल्ला द्यावासा वाटतो. धोंडीराम काच खाली करून म्हणाले, "चन्नवीर, गावाच्या गाड्या गार करता, मग अव्वांसाठी घरी एक एसी बसवा की आता!"

चन्नवीर फडक्याला हात पुसत म्हणाला, "मग अव्वा हितं कशाला येईल?"