बिनकिकची गाडी

अपडाऊन करणाऱ्या मास्तरांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. अकोला-तेल्हारा रस्त्यावर शर्टावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात, आणि घरी येऊन कितीही झटकले तरी थोडे उरतातच. मी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली तेव्हापासून तर मी झटकणंच सोडून दिलंय!

आमचं टोळकं तिघांचं. मी, गावंडे, फिजिक्सचा, नोकरीत नवा. शेख सर गणिताचे. वानखडे सर मराठीचे, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेले. तिघंही अकोल्यात राहणारे. रोज दोन गाड्या निघायच्या आणि तिसरी पाळीनं घरी राहायची.

वानखडे सरांची गाडी पेट्रोलची, जुनी, किकवाली. तिचा आवाज असा की ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की घरात सरांच्या मिसेस, आमच्या काकू, चहा टाकायच्या. सर बूट काढेपर्यंत कप हातात! आजवर गाड्या बदलल्या, ही व्यवस्था नाही.

पण किक मारून मारून सरांची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, "किक बंद, हादरे बंद. नाहीतर तेल्हाऱ्यातच खोली करा." काकू अकोल्यात शाळेवर, त्या जाणार कशा? म्हणजे सर तिकडे एकटे, मेसच्या डब्यावर. तरी सर खोली शोधायला लागले, तोवर किक चालूच.

मला ते पाहवेना. "सर, इलेक्ट्रिक घ्या! इंजिनच नाही, तर हादरे कुठले?"

"अन् रस्त्यात संपली तं ढकलू? याच कमरेनं?"

*

मी हार मानणारा नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमचा फळा भरून टाकला. एका बाजूला पेट्रोल, ऑइल, सर्व्हिसिंग. दुसऱ्या बाजूला वीज, आणि खाली मोठ्ठा शून्य धूर.

शेख सरांनी चष्मा पुसला. "मियाँ, सबसे सस्ती तो एसटी है."

"पण तिची वाट पाहण्यात पहिला तास जातो, सर!"

"वो तो बच्चों के लिये और अच्छा है."

वानखडे सर फळ्याजवळ गेले. "घेतानी जास्तीचे पैसे द्या लागतात, ते कोन्या रकान्यात लिहिले?"

"ते तीन-चार वर्षांत वसूल होतात, सर. रोज एवढं अपडाऊन असेल तर नक्की!"

"लेका, मी दोन वर्षांत रिटायर होऊन राहिलो!"

फळा शेख सरांनी पुसला.

*

आमच्याकडे एक रीत आहे. चहाच्या टपरीवर कितीही गप्पा रंगल्या तरी गाडीवाल्यानं किक मारली की मागच्यानं येऊन बसायचं. हाक नाही, हॉर्न नाही. किक हाच निरोप.

पहिल्यांदा शेख सर माझ्या मागे होते तेव्हाची गोष्ट. टपरीवर थांबलो. मी गाडीवर बसलो, चावी फिरवली आणि निघालो. मागच्या शेख सरांना बॅटरीतलं लिथियम समजावून सांगत होतो. सर एरवी प्रत्येक वाक्याला आडवे जातात. आज निमूट ऐकत होते. मला वाटलं, माणूस बदलतोय!

तेवढ्यात वानखडे सर फटफट करत बाजूला आले. त्यांच्या मागे शेख सर बसलेले, हातात अजून कपबशी.

शेख सर ओरडले, "ये गाडी है के बिल्ली? किक नाही मारली तं मी उठू काहून?"

कपबशी संध्याकाळी टपरीवर परत केली.

*

जाऊन-येऊन अंतर एका चार्जिंगमध्ये होईल असं शोरूमवाले म्हणाले होते. त्यांनी मागे बसलेला माणूस, समोरचं वारं आणि आमचा रस्ता धरलेला नव्हता. म्हणून कॉलेजात चार्जिंग लावणं आलंच.

स्टाफरूममध्ये मोठा सॉकेट एकच. त्यात एक पिन आधीच होती. ती मी काढली, माझी लावली आणि तासावर गेलो. विषय होता, तापमानवाढ.

परत आलो तर अख्खा स्टाफ व्हरांड्यात, वह्यांनी वारा घेत उभा. एप्रिल महिना, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी काढलेली पिन कूलरची होती!

प्राचार्य घामानं निथळत होते. "गावंडे सर, पृथ्वी थंडी व्हईन तवा व्हईन. अदी स्टाफरूम थंडी करा!"

तेव्हापासून माझी गाडी फिजिक्सच्या लॅबमागे चार्ज होते. पोरं तिला प्रॅक्टिकल म्हणतात.

*

एकदा कॉलेजात दिवसभर लाईन नव्हती. त्याच दिवशी शेख सर रजेवर आणि वानखडे सरांची गाडी इंजिन अडखळून मिसिंग करते म्हणून गॅरेजला, त्यामुळे सर पहिल्यांदाच माझ्या मागे. अर्ध्या वाटेत काटा तळाला गेला. ढकलायची वेळ येणार आणि सर आयुष्यभर ऐकवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात एका गावाजवळ लग्नाचा मांडव दिसला. मांडवात पंखे फिरत होते! मी सरळ आत घुसलो. मांडववाल्यानं वायर दिली, पण नवरदेवाच्या मामानं आमचा हात धरला.

"जेवल्याबिगर कोनी जात नसते इथून."

चार्जिंग होईपर्यंत आम्ही पंगतीत. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, वरून आग्रह. आम्ही कोणाकडचे, हे कोणी विचारलं नाही. सरांनी तर वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्दही सांगितले.

निघताना सर मांडवामागे गेले आणि पोट धरून हसत परत आले. "गावंडे, पाह्य बरं तुह्या गाडीनं काय पेलं!"

मागे डिझेलचं जनरेटर धडधडत होतं. काळा धूर थेट आभाळात!

मी वायर गुंडाळून दिली आणि गाडी काढली. अकोला दिसायला लागल्यावर मागून आवाज आला, "पन लेका, कंबर नाई दुखली आज."

*

मी ते वाक्य सोडतो होय! गाडी चार दिवस सरांच्या ताब्यात दिली आणि मी एसटीनं जायला लागलो. शेख सरांचं म्हणणं खरं आहे, एसटी स्वस्त आहे. पोरंही खूश होती.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "कशी वाटली?"

"गाडी चांगली हाय. पन आवाज नाई आला, घरात गेलो तं तुही काकू दचकली. 'कोन हाय?' म्हने. चहा नाई, काई नाई. आपल्याच घरी पाहुन्यासारखं बसलो, बापा." मग जरा थांबून म्हणाले, "खोलीच बरी. खोलीवाल्याले फोन करतो."

किंमत, चार्जिंग, बॅटरी, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. चहाचा रकानाच मी फळ्यावर काढला नव्हता.

चौथ्या दिवशी गाडी परत घ्यायची म्हणून कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्याच मागे बसलो. अकोल्यात शिरताना सर म्हणाले, "खोलीवाल्याले नाई सांगून टाकलं."

"म्हणजे इलेक्ट्रिक घेताय?"

"अदी घरी तं चाल."

गल्लीच्या कोपऱ्यावर सरांनी वेग कमी केला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला. आणि ज्यांच्या तासाला शिपाईसुद्धा पाय न वाजवता जातो, ते वानखडे सर मोठ्यानं सुरू झाले,

"फट्... फट् फट्... फट् फट् फट् फट्!"

थेट फाटकापर्यंत.

आतून गॅसच्या लायटरचा टकटक आवाज आला. मग काकूंचा.

"अहो, आज गाडी लय मिसिंग करून राहिली!"

सर बूट काढायला बसले.