हलगीवरची चकती

सकाळी कळंबहून ढोकीची एसटी धरली. कंडक्टर म्हणत होता, डबा टपावर टाका. मी तो मांडीवरच ठेवला. त्यात माझी चार महिन्यांची मेहनत होती. शेजारी काशीनाथमामा हलगी पोटाशी धरून बसले होते.

"मामा, हलगीचं तिकीट काढलं का?" कंडक्टरनं विचारलं.

"आधी तिला बसाय जागा द्या," मामा म्हणाले. गाडी हसली.

मला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं ते याच मामांनी. दोन वर्षांपूर्वी उसाची गाडी उलटून त्यांचं उजवं मनगट चिरडलं. ताल शाबूत राहिला, जोर गेला. म्हणून मी हलगीच्या कातड्याला मेणानं एक चकती चिकटवली होती. तिच्यावर हलकी थाप पडली, की वायरीतून डब्याला इशारा जायचा आणि कर्ण्यातून ड्रमचा दणका निघायचा. ढोकीला कार्यक्रमासाठी आलेल्या एका रॉक ऑर्केस्ट्राला असा वाजवणारा हवा होता. निवड झाली नाही, तर मामांना दुष्काळी कामावर खडी फोडावी लागणार होती, आणि त्या मनगटानं ती फुटत नव्हती.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस गुडघ्याएवढाच वाळून उभा होता. एका फाट्यावर घागरी उन्हात रांगेत होत्या, माणसं सावलीला.

ढोकीत आम्ही मामीनं बांधून दिलेली भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. हॉटेलवाल्यानं दोघांत एकच पेला पाणी दिलं.

माळावर दोन ट्रॉल्या जोडून रंगमंच केला होता. ऑर्केस्ट्राचा मॅनेजर सौम्य माणूस वाटला. मी वर चढून वायरी जोडू लागलो. इतक्यात खाली रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडांचा जाळ दिसला. मामा त्यावर हलगी शेकत होते.

"मामा, चकती!"

"आरं, गार हलगी कुठं बोलती व्हय?"

मी उडी मारून पोचलो, तोवर मेण वितळून चकती निखाऱ्यात पडली होती. माझ्याकडे दुसरी नव्हती.

वाजवण्याआधी हलगी शेकायची, कातडं ताठ करायचं, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. या हलगीला त्याची गरज नाही, एवढं एक वाक्य त्यांना सांगायचं राहिलं.

"नुसतीच वाजवा बघू," मॅनेजर म्हणाला.

मामांनी ताल धरला. थोड्याच वेळात मनगट लुळं पडलं. तरी ते वाजवत राहिले.

"राहू द्या, मामा," मॅनेजर म्हणाला. "ताल लई गोड हाय. पण मागच्या माणसाला ऐकू येणार न्हाय."

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर बघत बसले. घरी दारातच मामीनं विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडण्याआधीच मामा म्हणाले, "पोराचं यंत्र एकदम झकास चाललं. माझाच हात चालला न्हाय."

मामी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी मान खाली घालून डब्याच्या वायरी गुंडाळू लागलो. दुसऱ्या दिवशी मामा खडीवर गेले.